बारावे झाड

१

मे महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी सौंसरच्या छाया मार्गावर नऊ झाडे मेलेली होती, आणि त्याच रांगेतल्या एका हिरव्या करंजाखाली जयवंता मेश्राम हातात कागद घेऊन उभी होती. तिला वाचता येत होते, तरी तिने तो माझ्याकडे दिला. काही वाक्ये दुसऱ्याच्या आवाजात ऐकल्याशिवाय खरी वाटत नाहीत.

“मोठ्यानं वाचा, मॅडम. दुकानवाल्यायले बी ऐकू द्या.”

मी वाचले. “गवत मारण्यासाठी श्रीमती जयवंता मेश्राम यांनी निष्काळजीपणे तणनाशक फवारल्यामुळे मार्गावरील बारा वृक्ष मृत झाले. त्यांच्या अवजारांच्या खोलीत तणनाशकाचा रिकामा डबा सापडला. त्यांना कामावरून दूर करण्यात येत असून, पुढील आठवड्यातील रविवारच्या सभेत मंजुरी मिळताच पोलिसांत तक्रार देण्यात येईल.” खाली छाया मार्ग समितीचा शिक्का आणि अध्यक्षांची सही होती.

“तीन उन्हाळे यायले डोक्यावरून पानी पाजलं,” ती म्हणाली. “अन् चौथ्या उन्हाळ्यात मीच जहर पाजीन? माह्या मायनं बी मले एवढं पाजलं नसन.” मग तिने कागदावर बोट आपटले. “अन् बारा कोनाले दिसले? मोजा. नऊ हायेत.”

“टाइप करताना चुकलं असेल,” मी म्हणाले.

तेवढ्यात एका शेळीने मेलेल्या झाडाच्या आळ्यातल्या हिरव्यागार हरळीला तोंड लावले, आणि नोकरी गेलेल्या त्या बाईने सवयीने तिला हाकलले. मी शेजारच्या वाळलेल्या कडुनिंबाला टेकले. पानांचा नुसता चुरा खाली पडला. घरी गेल्यावर पदर पाहिला, तर त्यावर गेरूचा लाल पट्टा उमटला होता.

२

चार वर्षांपूर्वी हा रस्ता म्हणजे तापलेला तवा होता. संत्र्याच्या हंगामात दोन्ही कडांना ट्रक, मधून नागपूरची बस, आणि उरलेल्या वीतभर जागेतून बोरगावच्या सायकलवाल्या मुली जीव मुठीत धरून जात. मग मनोहर धोटे गुरुजींनी समिती काढली. वाहनांची वाट अरुंद झाली, ट्रक बाहेरच्या रस्त्याने वळवले गेले. सायकलींना वेगळी पट्टी मिळाली, चालणाऱ्यांना फरशी, म्हाताऱ्यांना बाके. दोन्ही बाजूंनी करंज, कडुनिंब, अर्जुन, बहावा लावले गेले. झाडे माणसापेक्षा उंच झाली आणि त्यांची खोडे पोटरीएवढी. मी इथल्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. गेल्या वैशाखात भर दुपारी मी विद्यार्थ्यांना या फरशीवर तळवा टेकायला सांगितला होता. झाडाखाली तो टेकवता आला. चार पावलांवर, उन्हात, एकालाही टेकवता आला नाही.

सावली ही या गावात फक्त श्रीमंतांच्या अंगणात असते, असे मला लहानपणी वाटायचे. या रस्त्याने ते खोटे ठरवले होते. म्हणून त्या लाल पट्ट्याकडे पाहताना मला दुःख झाले नाही. मला संताप आला.

गुरुजी माझे शाळेतले शिक्षक. ‘ज्याचे नाव ठाऊक नाही त्या झाडाच्या सावलीत बसू नये,’ हे त्यांचेच वाक्य, आणि माझा सगळा अभ्यास त्या एका वाक्यातून उगवलेला. समितीची नियमावलीही त्यांनीच लिहिली होती. तिचा पहिला नियम मला पाठ होता: जिवंत झाडाची जागा कोणत्याही कारणासाठी मोडली जाणार नाही.

गुरुजींना फसवून कोणीतरी त्यांची सही घेतली आहे, अशी माझी खात्री होती.

३

मेलेल्या झाडांच्या रांगेसमोर मुकुंद पराडकरचे कापडाचे दुकान आहे. या रस्त्याला त्याच्याइतक्या शिव्या कोणी दिल्या नसतील.

“या, मॅडम, या. सगळं गाव माह्याकडंच पाहून राहिलं,” तो गजाने कापड मोजत म्हणाला. “झाडानं माहा बोर्ड झाकला, हे मी चार वर्सं बोंबलून राहिलो. पण बोंबलणारा मानूस झाड नाई मारत. मारणारा चूप रायते.”

“शेजारच्या त्या पत्र्यांमागे काय आहे?”

“प्लॉट. नागपूरवाल्याचा म्हणतात. आतून खटखट ऐकू येते, मानूस दिसत नाई.”

“गेल्या पंधरा दिवसांत झाडांपाशी कोणी काही करताना दिसलं?”

“कोनी नाई.” त्याने गज थांबवला. “मागच्या का त्याच्या मागच्या इतवारी गेरू लावणारा म्हातारा बसला होता. दिवसभर. बस, तेवढंच.”

“झाडांना गेरू तर जानेवारीत लावतात ना, मुकुंदभाऊ? झेंड्याच्या आधी?”

“समितीचं काम. म्या कायले विचारू?”

रविवारी जयवंता नसते. आठवड्याची तिची तेवढीच सुटी. मी बाहेर आले आणि वेड्यासारखी एकेका खोडावरून हात फिरवत गेले. जानेवारीचा गेरू उन्हाने विटला होता. हाताला काही लागत नव्हते. ताजा गेरू तळव्याला लागत होता. मी ताजी खोडे मोजली. नऊ मेलेल्या झाडांवर तो होता.

आणि तीन हिरव्या झाडांवर.

बारा. कागदावरचा आकडा चुकीचा नव्हता. तो फक्त लवकर आला होता.

४

गुरुजी ओसरीत पंख्याखाली बसले होते. त्यांनी मला स्वतः माठातले पाणी दिले.

“गेरू मीच सांगितला,” ते शांतपणे म्हणाले. “वाळवी दिसली होती. अमिता, तुझा जीव त्या बाईसाठी तुटतो, हे मला कळतं. पण दया वेगळी आणि शिस्त वेगळी.”

“गुरुजी, तणनाशक फवारलं असतं तर आधी गवत मेलं असतं. झाडं मेली आहेत आणि बुडाशी हरळी हिरवी आहे. हे औषध मातीतून झाड मारत नाही. त्याला पान लागतं, नाहीतर जखम.”

“हरळी पुन्हा उगवली असेल.”

“जयवंताबाई तिथे रोज जातात. त्यांनी मेलेली हरळी पाहिली नाही.”

“आरोपीची साक्ष घेऊन तू मला वनस्पतिशास्त्र शिकवतेस?” ते हसले. त्या हसण्यावर मी बारा वर्षांची असताना जीव ओवाळून टाकला होता.

“बारा हा आकडा कोणी दिला?”

“चिटणिसाने. विनोदने मोजली झाडं.”

विनोद मला फाटकाशीच भेटला, रविवारच्या सभेचे कागद घेऊन येताना. मी त्याला तेच विचारले.

“मी मोजले?” तो बावचळला. “मॅडम, माही बायको आठ रोज नागपूरले दवाखान्यात होती. म्या तं रस्ता पाह्यलाच नाई. गुरुजीनं फोनवर सांगितलं, तेवढं टाइपलं.”

मागे ओसरीत पंखा फिरत होता. मी वळून पाहिले नाही.

५

सोमवारी ताज्या गेरूच्या तीन हिरव्या झाडांपैकी दोन सुकली. पाने उन्हात पापडासारखी वाजू लागली. आता अकरा झाली. उरला फक्त तो करंज, ज्याच्याखाली जयवंता त्या दिवशी उभी होती. त्याच्या बेचक्यात तिची चुंबळ टांगलेली असे, डोक्यावर घागर ठेवताना खाली घेतात ती कापडाची कडी. चार वर्षांत ती तिने तिथून कधी घरी नेली नव्हती.

जयवंता पाणी घालतच होती. “हुकूम देल्ला म्हणून उन्हाळा थांबते का?” एवढेच ती म्हणाली.

तिच्या खुरप्याने आम्ही एका मेलेल्या अर्जुनाचा गेरू खरवडला. रस्त्याच्या बाजूला काही नव्हते. पत्र्यांच्या बाजूला, वीतभर उंचीवर, लाल रंगाखालून एक निळा ठिपका निघाला, रुपयाएवढा. ठिपका उकरला तर आत पेन्सिल जाईल असे छिद्र. गिरमिटाने पाडलेले, तिरके, खाली उतरत गेलेले. त्यातून विष भरले होते.

“अन् हे निळं?” मी विचारले, उत्तर ठाऊक असूनही.

“मोरचूद-चुना. संत्र्याच्या बुडाले लावते ते मलम,” जयवंता म्हणाली. “फांदी छाटली, साल फाटली, का पह्यले हे लावते. जखम उघडी ठेवली तं झाडाले रोग धरते.”

मी त्या ठिपक्याकडे पाहत राहिले. झाड मारायला आलेल्या माणसाने झाडाची जखम बांधली होती. त्याने विचार केला नसेल. संत्र्याच्या मुलखातला हात आहे तो. छिद्र दिसले की लेप लावतो, जसा देवळापुढून जाताना एखाद्याचा हात कपाळाकडे जातो. डोक्याने खून केला आणि हाताने उपचार.

“बगीचे तर अर्ध्या तहसिलीत आहेत,” मी म्हणाले. “कोणाचाही हात असेल.”

जयवंताने निळी ढलपी नाकाशी नेली. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“याच्यात अळशीचं तेल हाय. आता कोनी नाई टाकत, सगळे तयार डबा आणतात. मी मोहगावले निंदायले जाओ, तवा एकच मानूस टाके. कवडूबाबा. कलमा बांधते तो.”

“कोणाकडे असतो तो?”

तिने ढलपी मुठीत दाबली.

“बत्तीस वर्सांपासून एकाच घरी सालानं राबणारा सालदार हाय, मॅडम. गुरुजीच्या.”

६

मोहगावच्या वाटेवर कुलदीपचा ट्रकांचा अड्डा आहे. छाया मार्गावर ट्रक बंद झाले तेव्हा त्याने गुरुजींना भर चौकात आयमाय काढून शिव्या दिल्या होत्या. गुरुजींविरुद्ध मनात आलेली शंका खोटी ठरावी म्हणून मी त्याच्यावर संशय घ्यायला अगदी उत्सुक होते.

“म्या कायले मारू?” तो खदखदून हसला. “आता तं रस्ता माह्यासाठीच खुलून राहिला. अतुलभाऊनं हंगामाच्या सहा गाड्या आत्ताच बांधून ठेवल्या. संत्रा धुवायचं, मेण लावायचं, पेट्या भरायचं सेंटर. गेट छाया मार्गावर.”

“कोणता अतुल?”

“सौंसरात अतुल नावाचे गुरुजीचे किती पोरं हायेत?”

“छाया मार्गावर ट्रक आत कसा जाणार? झाडं आहेत, फरशी आहे.”

“हंगामापर्यंत जागा होते म्हणे.” मग त्याचे हसू थांबले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि शर्टाची कॉलर सैल केली. “मॅडम, हे मी बोललोच नाई, हो.”

परत येऊन मी पत्र्याच्या फटीला डोळा लावला. आत सिमेंटचे दोन नवे खांब उभे होते, मधोमध ट्रक जाईल एवढे अंतर. फाटक लावायची तयारी पूर्ण होती. फक्त त्या फाटकासमोर दोन झाडे होती. एक सोमवारी सुकलेला अर्जुन. दुसरा जयवंताचा करंज.

तेव्हा मला सगळे समजले, आणि समजणे इतके घाण असू शकते हे प्रथमच कळले. जिवंत झाडाची जागा मोडता येत नाही. मेलेल्या झाडाची येते. फाटकाला दोनच झाडे नडत होती. पण दोनच मेली असती तर गावाचे बोट फाटकाकडे गेले असते. म्हणून दोन खून लपवायला आणखी दहा करायचे ठरले, आणि बारा लपवायला एक बाई शोधली गेली.

कवडू मला बगीच्यात भेटला. वाळक्या, निळ्या डागांच्या हातांनी तो आळी बांधत होता. मी विचारत गेले. तो मातीकडे बघत गेला.

“सालदाराले तोंड नसते, बाई,” अखेर तो म्हणाला.

“जयवंताबाईंना पोलिसांत देणार आहेत. रविवारी.”

त्याचे हात थांबले. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मग त्याने एकच प्रश्न विचारला.

“ते चुंबळवालं झाड हाय का अजून?”

७

रविवारी सकाळी सभा रस्त्यावरच भरली. त्या टापूत सावली एकाच ठिकाणी उरली होती, म्हणून अध्यक्षांची खुर्ची करंजाखाली मांडली होती. मुकुंद, विनोद, कुलदीप, भाजीवाल्या, सायकल टेकवून उभ्या मुली असे सगळे जमले होते. जयवंता मात्र उन्हात उभी होती. कोणी तिला सावलीत बोलावले नाही.

विनोदने ठराव वाचला. मी उठले.

“गुरुजी, हा कागद निघाला तेव्हा नऊ झाडं मेली होती. तुम्ही बारा लिहिलंत. विनोदभाऊंनी मोजली नाहीत. ते नागपूरला होते. मग तीन जिवंत झाडं मरणार, हे तुम्हाला कसं कळलं?”

“लिहिताना चूक झाली,” ते म्हणाले.

“मग तुमची चूक ताज्या गेरूशी तंतोतंत कशी जुळते? गेरू बारा झाडांना आहे. खाली बारा छिद्रं आहेत. अकरांत विष आहे. फवारणी झालीच नाही. बुडाशी गवत बघा, शेळ्या खातात आणि जगतात. डबा सापडला त्या अवजारांच्या खोलीच्या किल्ल्या दोन. एक जयवंताबाईंकडे, दुसरी तुमच्याकडे. आणि या पत्र्यांमागे तुमच्या मुलाच्या फाटकाचे खांब आहेत. कोणालाही बघता येतील.”

मुकुंद आधीच फटीला डोळा लावून उभा होता. “आयला,” तो म्हणाला, “नागपूरवाला तं घरचाच निघाला.”

“अमिता,” गुरुजींचा आवाज मऊ झाला, “बारा छिद्रं म्हणतेस. हे झाड तर हिरवं आहे. तुझा सिद्धांत माझ्या डोक्यावर सावली धरून उभा आहे.”

मी त्यांच्या खुर्चीमागे गेले आणि करंजाच्या खोडावर खुरपे ओढले. लाल धूळ त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडली. खाली निळा ठिपका होता.

“छिद्र आहे,” मी म्हणाले. “विष नाही. का नाही, ते मला सांगता येणार नाही. ज्याला येईल तो मोहगावच्या बसने आला आहे.”

गर्दीच्या मागून कवडू पुढे आला. त्याने पायताण काढले, जणू न्यायालयातच उभा होता.

“गिरमिट म्या चालवलं.”

“ऐकलंत?” गुरुजी उभे राहिले. “माझा गडी आहे. काय डोक्यात आलं असेल त्याच्या! माझा यात काय संबंध?”

“मले काय गेट पाह्यजे होतं, गुरुजी?” कवडू म्हणाला. “माह्याजवळ सायकल बी नाई.”

कोणी हसले नाही.

“तुमी म्हणलं, झाडायले कीड हाय, दवा भर. पह्यल्याच झाडाले वासानं समजलं, हे दवा नोहे.”

“मग?” मी विचारले.

“मंग दुसऱ्याले बी भरलं.” त्याने मान वर केली नाही. “बत्तीस वर्सं हो म्हणून राहिलो. नाई कसं म्हणते, ते तोंडाले येतच नाई. अकरा भरले. बाराव्याले भोक पाडलं अन् वर पाह्यलं, तं चुंबळ टांगलेली. माही घरवाली अंबाबाई बी असीच टांगे, आंब्याच्या बेचक्यात. पानी वाहणाऱ्या बाईचं झाड होय हे. नुसतं मलम लावलं अन् उठलो.”

“तुझं साल आज संपलं, कवडू,” गुरुजी म्हणाले. त्यांच्या तोंडून बाहेर पडलेले ते त्या सकाळचे पहिले खरे वाक्य होते. अकरा मारल्याचे ऐकून नव्हे, बारावे सोडल्याचे ऐकून त्यांनी त्याला काढले होते; त्या वाक्याने आपलाच गुन्हा कबूल केला, हे त्यांना नंतर समजले.

विनोदने ठराव फाडायला हात घातला. जयवंताने तो हिसकावून घेतला.

“फाडू नको. बारा लिवलं हाय याच्यात. पोलिसाले हेच दाखवीन.”

“बाई, उद्यापासून कामावर या,” मुकुंद घाईघाईने म्हणाला. चार वर्षे झाडांना शिव्या देणारा तोच पहिला बोलला.

“उद्यापासून कायले? मी सुटली कवा होती? आठ रोज तुमच्या नाकासमोर पानी टाकून राहिली. एकानं तरी इचारलं का, बाई, उन्हात कायले उभी हाय?”

मग ती कवडूकडे वळली. मला वाटले, ती त्याचे हात धरेल.

“माह्या चुंबळीची लाज वाटली तुले,” ती म्हणाली, “अन् अकरायची नाई वाटली?”

तिने वाळलेल्या रांगेकडे हात केला.

“नवी रोपं लावू. सावली पडायले किती सालं?”

“तीन. चांगली पडायले सात,” कवडू म्हणाला.

“तं सात साल येजो. घागर तू वाहजो. अन् मधात मरायचं नाई, सांगून ठेवते.”

८

पोलिसांत तक्रार गेली, त्या कागदासह. खटला त्याच्या चालीने चालला आहे. अतुलचे खांब उभेच आहेत, आणि त्यांच्या मधोमध करंज.

कवडू मोहगावहून पहिल्या बसने येतो. पहिल्या दिवशी बेचक्यातली चुंबळ जयवंताने स्वतः काढून त्याच्यापुढे टाकली. त्यापलीकडे ती त्याच्याशी बोलत नाही. कोणत्या आळ्यात पाणी कमी आहे, ते फक्त बोटाने दाखवते.

गुरुजीही याच रस्त्याने जातात. दुसरा रस्ता नाही. अकरा नव्या रोपांपाशी त्यांना छत्री उघडावी लागते. बाराव्या झाडाच्या फांद्या खाली आल्या आहेत, म्हणून तिथे ती मिटावी लागते, आणि चार पावलांपुरते ते त्याच्या सावलीत असतात. जयवंता नेमकी तेव्हाच कवडूने आणलेली घागर आळ्यात उपडी करते, आणि पाणी फरशीवरून वाहत त्यांच्या बुटांत शिरेपर्यंत वर पाहत नाही.